न हलणारा काटा

"तुझं लक्ष कुठंय, पोरी? काटा मध्यावर आहे," कॅप्टन किलोंझो म्हणाले आणि विमान आणखी खाली गेलं.

माझं लक्ष काट्यावरच होतं. तेच तर खटकत होतं. खाली सरोवर, सरोवरावर चिलटांचा ढग, पलीकडे कुणीतरी उसाचे फड पेटवलेले, त्यांचा धूर. समोरच्या काचेतून नुसती राखाडी गोधडी दिसत होती. दुपारच्या तापलेल्या हवेत विमान हिसके खात होतं. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, माझ्या शर्टाच्या आत दूध भरून आलं होतं, हातातली पेन्सिल थरथरत होती. त्या सगळ्या थरथराटात उताराचा काटा तेवढा खिळा ठोकल्यासारखा स्थिर होता.

धावपट्टीच्या शेजारी एक खांब असतो. तो आकाशात एक न दिसणारा उतार सोडतो. विमान त्या उताराच्या वर राहिलं की आमच्यासमोरचा काटा खाली पडतो, खाली गेलं की वर चढतो. मध्यावर असला की समजायचं, आपण बरोबर जिन्याने उतरतोय. धुरात, ढगात त्याच्याच भरवशावर खाली यायचं. शिकतानाच आमच्या डोक्यात घातलेलं असतं की पोट सांगेल ते ऐकू नका, कान सांगतील ते ऐकू नका, काटा सांगेल ते ऐका. काट्यावर संशय घेणारा माणूस वैमानिक नव्हे, प्रवासी. आणि यंत्रच बिघडलं तर काट्यापुढे लाल पट्टी येते. लाल पट्टी नाही, म्हणजे काटा खरा.

पण खरा काटा जिवंत असतो. बाळाच्या टाळूसारखा तो सारखा बारीक उडत असतो. विमानाला हिसका बसला की दचकतो, पुन्हा सावरतो. हा दचकतच नव्हता.

"कॅप्टन, सहा मैल राहिलेत. उंची नऊशे फूट."

"मग?"

"अठराशे हवी. मैलाला तीनशे."

"मैलांचं यंत्र चुकत असेल. हे विमान तुझ्यापेक्षा वयाने मोठं आहे."

"मैल चुकत असतील किंवा काटा चुकत असेल. दोन्ही बरोबर असूच शकत नाहीत."

"काटा मध्यावर आहे, मामा अविनो," ते म्हणाले.

आमच्याकडे मूल झालं की बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. घरी, बाजारात, चर्चमध्ये मी मिन अविनो, म्हणजे अविनोची आई. मासळीवाली ओरडते, 'मिन अविनो, आज ओमेना ताजे आहेत!' तेव्हा मला बरं वाटतं. कॅप्टन किलोंझो मचाकोसकडचे, ते स्वाहिलीत तेच मामा अविनो म्हणतात. मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी कॉकपिटमध्ये तशी हाक मारली आणि मला कळलं की इथे त्या हाकेचा अर्थ वेगळा आहे. इथे तिचा अर्थ आहे, तू या खुर्चीवर तात्पुरती बसली आहेस.

धुरात एक फट पडली. त्या फटीत पाणी, जलपर्णीचा हिरवा पट्टा आणि एक होडी दिसली. होडीत उभा राहून एक माणूस आमच्याकडे बघत होता. त्याची टोपी पिवळी होती. माणसाच्या टोपीचा रंग दिसावा इतक्या खाली आम्ही असायला नको होतो. धावपट्टी अजून कितीतरी लांब, आणि मध्ये सगळं पाणीच.

"वर घ्या, कॅप्टन."

"एक मिनिट."

"वर!"

दोनदा सांगूनही समोरचा हलला नाही, तर सहवैमानिकाने तिसऱ्यांदा सांगायचं नसतं, हात घालायचा असतो. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि तो कुणी पाळलेला मी तरी पाहिला नव्हता. मी दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे रेटले आणि कांडी मागे ओढली. "विमान माझ्याकडे," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

विमान क्षणभर पाण्याकडे बघत राहिलं, मग नाइलाजाने उठल्यासारखं वर आलं. मागे कुणीतरी 'येशू!' म्हणून किंचाळलं. कॅप्टनचे हात अजून कांडीवरच होते, पण ते मला अडवत नव्हते. आणि आम्ही वर चढत असताना, त्या उतारापासून दूर निघालेलो असताना, काटा अजूनही मध्यावर होता.

मी त्याकडे बोट दाखवलं. कॅप्टननी पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

दुसऱ्या बाजूने, जमिनीकडून, धूर नव्हता. तिकडून वळसा घालून, डोळ्यांनी धावपट्टी बघत त्यांनी विमान उतरवलं. उतरवलंही इतकं हळुवार, की चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही. माणूस वाईट वैमानिक नाही. म्हणूनच मला पुढच्या गोष्टीचा जास्त राग आहे.

उतरताना एक म्हातारा शिडीवर थांबला. माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "बाई चालवत होती होय! तरीच म्हटलं, गाव दिसल्यावर पुन्हा वर कशाला नेलं." मागचे दोघं हसले. मी म्हणाले, "सांभाळून उतरा, बाबा."

विमानाच्या पंखाखाली सावलीत कॅप्टन उभे होते. मी जवळ गेले.

"तुम्ही पाहिलंत ना?" मी विचारलं.

"पाहिलं."

"ते टॉवरला आणि ओसोगोंना सांगायला हवं. आत्ताच. कॅप्टन वांजालांचं विमान मागून येतंय."

"आत चल. मी बोलतो," ते म्हणाले. मग थांबून, खाली बघत, "बरं केलंस," असंही म्हणाले.

त्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

ओसोगो हे कागोला विमानतळाच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख. भला माणूस. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी कोंबडा पाठवला होता. त्यांच्या खोलीत पंखा गरगरत होता. टेबलावर चहा, ताटलीत तळलेली मांदाझी. कोपऱ्यात टॉवरचं बोलणं ऐकू येणारा एक स्पीकर खरखरत होता. खिडकीतून त्या खांबाशेजारची यंत्रांची खोली दिसत होती. दार सताड उघडं. दोन तंत्रज्ञ आंब्याच्या झाडाखाली बसून मक्याची उगाली खात होते.

"या, या, न्यार सेमे," ओसोगो म्हणाले. माझं माहेर सेमेचं, म्हणून ते मला सेमेची लेक म्हणतात. "काय झालं? टॉवर म्हणाला, पुन्हा वर गेलात."

"तुमचा उतार खोटा आहे," मी म्हणाले. "काटा कुठेही गेलं तरी मध्यावरच राहतो. आम्ही पाण्यावर उतरत होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. "कॅप्टन, काटा कुठे होता?"

"मध्यावर."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"लाल पट्टी?"

"नव्हती."

"मग?" ओसोगोंनी हात पसरले. "काटा मध्यावर, पट्टी नाही. आणखी काय हवं असतं माणसाला?"

मी कॅप्टनकडे पाहत राहिले. वर चढतानाही तो मध्यावर होता, एवढं एकच वाक्य त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी चहात साखर घातली. ढवळली. पुन्हा घातली.

"धूर बराच होता," ते म्हणाले. "चिलटंही होती. असं आहे, ओसोगो, धुरात अंतराचा अंदाज चुकतो. आणि मॅडम नुकत्याच रजेवरून आल्यात. घरी तान्हं बाळ. रात्रीची झोप नसते."

हातातला चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतावा असं मला वाटलं. कॉकपिटमध्ये 'पोरी', पंखाखाली 'बरं केलंस', आणि माणसं बघितल्यावर 'मॅडम'. तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. मचाकोसला घर बांधलंय, पत्रे चढवायचे राहिलेत, हे मला रोज कॉकपिटमध्ये ऐकावं लागतं. पत्र्यांचा रंगसुद्धा मला माहीत आहे.

"झोपेचा काय संबंध?" मी म्हणाले. "कॅप्टन, तुम्ही पाहिलंत. मी बोट दाखवलं, तेव्हा पाहिलंत."

"मी विमान सांभाळत होतो."

"विमान मी सांभाळत होते!"

"हळू," ओसोगो म्हणाले. "हळू, न्यार सेमे. आपण घरची माणसं आहोत."

मी खिडकीकडे बोट केलं. "ते दोघं काय करतायत तिथे?"

"जेवतायत."

"आणि त्याआधी काय करत होते?"

ओसोगोंनी मांदाझीचा तुकडा मोडला. "खांबावर वीज पडल्यापासून थोडं काम आहे. यंत्र चाचणीवर लावून बघतात, पुन्हा जागेवर आणतात. नेहमीचंच."

"जेवायला जाताना जागेवर आणलं का?"

"काहीतरी चुकलं असतं तर अलार्म वाजला असता. यंत्र आपोआप बंद पडलं असतं. तुमच्यासमोर पट्टी आली असती."

"अलार्म चालू आहे?"

ते मांदाझी चावत राहिले. पंखा फिरत राहिला.

"काका, अलार्म चालू आहे का?"

"हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला, त्यात चीड आली. "विजेचा दाब जरा कमी झाला तरी तो वाजतो. वाजला की सगळं बंद. बंद झालं की नैरोबीला कळवा. कळवलं की ते विचारतात, कागोल्यालाच कसं सारखं होतं? परवा स्पष्ट म्हणाले, आणखी एकदा बंद पडलं तर विमानं दुसरीकडे वळवू. मग बाहेरचे मटाटू गाडीवाले, मासे पाठवणाऱ्या बायका, हॉटेलं, सगळे माझ्या दारात येतील. तुझीसुद्धा नोकरी इथूनच आहे ना? कामाच्या दिवशी पोरं अलार्म हाताने बंद ठेवतात. सगळीकडे ठेवतात. कुठे मेलंय अजून कुणी?"

कुठे मेलंय अजून कुणी. हे वाक्य मला माझ्या मरणापर्यंत पुरेल.

"म्हणजे यंत्र चाचणीवर आहे, खोटा उतार सोडतंय, आणि खोटं बोलल्यावर ओरडणारा अलार्म तुम्ही गप्प केलाय," मी म्हणाले. "फोन उचला आणि टॉवरला सांगा, उतार बंद. मागून विमान येतंय, काका. माणसांनी भरलेलं."

"पोरं जेवून येतील, मग बघतील. वांजाला काय नवशिका आहे का? त्याला दिसेल."

"कॅप्टन किलोंझोंना दिसलं नाही!"

कॅप्टननी कप खाली ठेवला. बशीचा आवाज झाला, बस.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. टॉवरने कंपनीला कळवलं होतं, आणि कंपनीतून मिसेस मुगुरे बोलत होत्या. वैमानिकांच्या ड्यूट्या त्याच लावतात. ओसोगोंनी ऐकलेलं दोन वाक्यांत त्यांना सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"अपोंडी, मी ऐकलं," त्या म्हणाल्या. खूप मऊ बोलतात त्या. "कॅप्टनच्या हातातून विमान घेतलंस."

"मॅडम, आधी टॉवरला सांगून वांजालांना—"

"ऐक तर खरी. मीही दोन मुलांची आई आहे. पहिल्या वर्षी मला जिन्यावरून उतरताना वाटायचं, बाळ हातातून पडणार. रोज वाटायचं. ते शरीराचं असतं, अपोंडी. तुझी चूक नाही. तू घाबरलीस, एवढंच."

"हो, घाबरले," मी म्हणाले. "घाबरण्यासारखं होतं. कॅप्टन घाबरले नाहीत हीच तर अडचण आहे."

पलीकडून तोच मऊ आवाज, पण आता त्याला धार होती. "वांजालांच्या विमानात ओकुमु प्रवासी म्हणून बसलाय, सुट्टी संपवून घरी येतोय. परतीच्या फेरीला तुझ्या जागी तो बसेल. तू घरी जा. डॉक्टरांना दाखव. मग बघू."

"त्याच विमानात ओकुमु आहे," मी म्हणाले. "तो खाली पोचायला हवा ना, मॅडम, माझ्या खुर्चीत बसायला?"

त्यांनी फोन ठेवला.

कोपऱ्यातल्या स्पीकरवर वांजालांचा जाड आवाज आला. सरोवरावर आलोय, कागोल्याला उतरायची परवानगी द्या. टॉवरमधल्या मुलाने दिली. उताराने या, म्हणाला. धूर आहे, म्हणाला. त्याने आणखी काय म्हणावं? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी ओसोगोंकडे पाहिलं. ते खिडकीतून आंब्याच्या झाडाकडे बघत होते. उठून हाक मारली असती तरी त्या पोरांना ऐकू गेलं असतं. इतकं जवळ होतं ते झाड. पण हाक मारणं म्हणजे कबूल करणं.

मी पळाले.

टॉवरच्या दाराला कुलूप असतं. तिथे माझं ओळखपत्र चालत नाही. खाली घंटा वाजवा, वर विचारतात कोण, मग साहेबांना विचारतात सोडू का, आणि साहेब म्हणजे ओसोगोच. म्हणून मी आमच्या विमानाकडे पळाले. शिडी लावलेलीच होती. आत सफाईची बाई पाकिटं गोळा करत होती. "मिन अविनो, काही राहिलं का?" तिने विचारलं. मी कॉकपिटमध्ये शिरले, बॅटरी चालू केली, रेडिओ लावला, हेडसेट कानाला धरला.

उभ्या विमानातून, इंजिनं बंद असताना, दुसऱ्याच्या उतरण्यात तोंड घालायचं नसतं. परवाना जातो. मला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर कॅप्टन किलोंझो. दोन्ही बाजूंच्या आसनांवर हात टेकून दारात उभे होते, धापा टाकत. म्हणजे तेही पळत आले होते. बॅटरीचं बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा हात उचलला गेला, आणि पुन्हा आसनावर पडला.

"मी इथे आलो नव्हतो," ते म्हणाले. आणि शिडी उतरून गेले.

तेवढंच. तेवढंच त्यांना जमलं.

मी बोलायचं बटण दाबलं. "वांजाला, कागोल्याच्या उतारावर विश्वास ठेवू नका. उतार खोटा आहे."

खरखर. मग टॉवरमधला मुलगा, गोंधळलेला, "कोण बोलतंय? मध्ये बोलू नका. विमान उतरतंय."

"म्हणूनच बोलतेय. वांजाला, अपोंडी बोलतेय. आत्ताच आलेली."

"अपोंडी?" वांजालांचा जाड आवाज. "आमचा काटा मध्यावर आहे."

"आमचाही होता. मैल किती राहिलेत?"

"बाई, फ्रिक्वेन्सी मोकळी करा, मी तक्रार करीन," टॉवरचा मुलगा जवळजवळ रडायला आला होता.

"मैल किती, कॅप्टन? आणि उंची किती? दोन्ही मोठ्याने म्हणा. तुमच्या शेजारच्याला म्हणायला लावा."

काहीच आलं नाही. काचेपलीकडे नुसता धूर आणि त्यात चिलटांचे खांब, सरोवरातून वर उठलेले, सावकाश डोलणारे. माझ्या शर्टावर दोन ओले डाग पसरले होते. दूध गळत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मला त्या क्षणी जगातल्या प्रत्येक माणसाचा राग आला. साखर ढवळणाऱ्याचा, मऊ बोलणारीचा, झाडाखाली बोटं चाटत बसलेल्यांचा. त्या पिवळ्या टोपीवाल्याचासुद्धा. तू तरी हात हलवायचास, बाबा. तू तरी ओरडायचंस.

"वर जातोय," वांजाला म्हणाले.

त्यांचा आवाज जाड राहिला नव्हता. आणि मग लांबून, सरोवराकडून, पूर्ण ताकद लावलेल्या इंजिनांचा आवाज आला. धुरात कुठेतरी तो वर वर चढत गेला. सफाईची बाई माझ्या मागे येऊन उभी होती. "काय झालं?" ती कुजबुजली. "कुणी मेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही."

ते जमिनीच्या बाजूने वळून आले आणि उतरले.

मी ओसोगोंच्या खोलीपर्यंत पोचले, तोवर आंब्याखालचे दोघं यंत्रांच्या खोलीत गेले होते. दार बंद होतं. ओसोगो म्हणाले, "मी आत्ताच तपासून घेतलं. सगळं व्यवस्थित आहे. अलार्म चालू आहे, उतार बरोबर आहे. हवं तर स्वतः येऊन बघ."

"आता बरोबर आहे."

"आधीही होता," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्यांनी माझ्या लग्नात कोंबडा पाठवला होता. "तू रेडिओवर जे केलंस ते मला वर कळवावं लागेल, न्यार सेमे. माझा इलाज नाही. ओळखपत्र ठेव इथे."

"आणि तुम्ही जे केलंत ते?"

"मी काय केलं?"

मी ओळखपत्र गळ्यातून काढून मांदाझीच्या ताटलीत ठेवलं. मुद्दामच. तेलाचा डाग पडेल तर पडू दे.

बाहेर वांजालांचे प्रवासी शिडी उतरून येत होते. मला खरं तर निघून जायचं होतं, पण पाय निघेनात. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि एकेकाला बघत राहिले. एक लठ्ठ माणूस फोनवर ओरडत होता, "दोनदा फिरवलं! दोनदा! पुढच्या वेळी बसनेच येतो." शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, केसांत एकसारख्या वेण्या, एकमेकींना ढकलत हसत. एक बाई उलटी झालेलं पोर लेसोच्या कापडात गुंडाळून, त्याच्या पाठीवर थापट्या मारत. एक म्हातारी, हातात नैरोबीहून आणलेली प्लास्टिकची बादली, बादलीत पाव. तिने माझा गणवेश पाहिला आणि माझ्यासमोर थांबली.

"ए पोरी, उशीर का केलात? माझा मुलगा मटाटू घेऊन थांबलाय. तो तासाचे पैसे मोजतो. तुमचं काय जातं?"

"चुकलं, आजी," मी म्हणाले.

"चुकलं म्हणे!" ती पुटपुटत पुढे गेली.

कॅप्टन वांजाला उतरले. ते मला दिसले, मीही त्यांना दिसले. ते जवळ येतील असं मला वाटलं. पण ओसोगो दारात येऊन उभे होते, आणि वांजालांनी टोपी नुसती जराशी वर उचलली आणि ते त्यांच्यामागे आत गेले. आत चहा होता. चहा घेऊन ते काय म्हणाले मला कळलं नाही. धूर होता म्हणाले असतील.

शेवटी ओकुमु आला. जीन्स, खांद्यावर पिशवी, डोळे झोपेने सुजलेले. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो पूर्ण वेळ झोपला होता.

"अपोंडी! मुगुरे मॅडमचा निरोप आला की लगेच परतीला बसायचंय. तुला बरं नाही म्हणे?" तो म्हणाला. मग माझ्या ओल्या शर्टाकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने घाईने नजर वळवली. "माझा हेडसेट घरी राहिलाय. तुझा देतेस?"

तो माझ्या हातातच होता. विमानातून निघताना तसाच आला होता. मी तो त्याच्या हातात दिला.

"डावा कान जरा सैल आहे," मी म्हणाले. "दाबून बसव. आणि ओकुमु, उतरताना मैल आणि उंची मोठ्याने म्हणत जा. प्रत्येक मैलाला. किलोंझोंना आवडणार नाही. ते तुला पोरा म्हणतील, लक्ष कुठंय म्हणतील. तरी म्हण."

"का? काही झालं का?"

पलीकडे पंखाखाली किलोंझो उभे होते, आमच्याकडे पाठ करून. चाकांकडे बघत होते. इतका वेळ कुणी चाकं बघत नाही.

"म्हणशील ना?" मी विचारलं.

"म्हणेन," तो म्हणाला. मोठा चांगला मुलगा आहे.

कर्मचाऱ्यांच्या दाराला ओळखपत्र लागतं. म्हणून मी प्रवाशांच्या दाराने बाहेर पडले. मटाटूवाले ओरडत होते, "गावात, गावात, एकच जागा!" पलीकडे कुंपणाशी माझी आई बसली होती, पाठीला अविनो बांधलेली. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती रोज तिला घेऊन येते, मी पाजते आणि परत आत जाते. चिलटं सगळीकडे होती. आई हाताने त्यांना वारत होती.

"आज बाहेरच्या दाराने आलीस?" ती म्हणाली.

"हो."

"मग आज वेळ आहे ना तुला?"

"आहे."

आईने लेसोची गाठ सोडली आणि अविनो माझ्या मांडीवर दिली. मी शर्टाची बटणं काढली. गणवेशात उघड्यावर बसून पाजू नये असा कंपनीचा नियम आहे. कुंपणापलीकडे आमच्या विमानाचे पंखे फिरायला लागले, धूळ उडाली, आईने आपलं अंग आमच्यापुढे आडवं धरलं. आवाज वाढला तशी अविनोने दूध सोडलं. मान वळवून, तोंड उघडं ठेवून ती ऐकत राहिली, तिच्या हनुवटीवरून दुधाचा थेंब ओघळला. विमान पळालं, उचललं गेलं, सरोवराकडच्या धुरात शिरलं. आवाज पुरता विरेपर्यंत ती तशीच थांबली. मग वळली आणि पुन्हा प्यायला लागली.